साडेसहा तासांची मोटार

बोट बंदराला लागली की प्रवाशांत दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष आदल्या रात्रीच बोटीच्या कचेरीतून सहलीचे तिकीट काढतो, छातीवर नंबराची चिकटपट्टी लावून घेतो आणि हातात उंच फलक धरलेल्या बाईच्या मागे रांगेने चालू लागतो. दुसरा पक्ष खिशात नकाशा कोंबून आपला आपणच फाटकाबाहेर पडतो आणि भाड्याची मोटार गाठतो. पहिला पक्ष दुसऱ्याला आगाऊ समजतो. दुसरा पहिल्याला मेंढरे म्हणतो. रात्री जेवणाच्या टेबलावर दोघेही आपलाच दिवस झकास गेला म्हणून सांगतात, आणि मौज अशी की बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सफरीला गेलो होतो. हे, मी, आमचे दहा वर्षांचे चिरंजीव आणि माझे आईवडील. इटलीतल्या जिनोआला बोटीत बसायचे, चारपाच बंदरे पाहायची आणि पुन्हा जिनोआला उतरायचे, असा बेत. त्यातल्या माल्टाच्या बंदरात आम्ही दुसऱ्या पक्षाला मिळालो. का मिळालो, ते सांगते. पण आधी त्या मोटारीचे चार व्यावहारिक बोल, कारण दिवाळी अंक वाचून पुढच्या सुटीचे बेत ठरवणारी माणसे मला ठाऊक आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक बंदरात मोटार घेणे हा शहाणपणा नव्हे. रोम पाहायला बोट चिव्हितावेक्कियाला लागते. तिथून रोम सत्तरऐंशी किलोमीटर. रस्ता उत्तम, पण शहरात शिरताच परक्या गाड्यांना मज्जाव असलेले भाग लागतात. फाटक नाही, शिपाई नाही, वर नुसता कॅमेरा. आपण खुशाल पुढे जातो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो. तिथे आगगाडीने जावे. ग्रीसच्या सांतोरिनीला बोट धक्क्याला लागतच नाही. समुद्रात नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यावर नेते. त्या रांगांतच तास दीड तास जातो. आणि मुख्य अडचण म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात. जन्मभर डावीकडून मोटार हाकलेल्या माणसाने सुटीतल्या सहा तासांसाठी हात आणि डोके उलटे करावेत, हे काही मला पटत नाही.

माल्टाची गोष्ट वेगळी. हे बेट दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजांकडे होते. १९६४ साली ते स्वतंत्र झाले. इंग्रज गेले, पण डावी बाजू राहिली. आपल्याकडे झाले तसेच. मोटारीचे चक्र उजवीकडे, वाहतूक डावीकडून, वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. मुख्य बेटाची लांबी अवघी सत्तावीस किलोमीटर, म्हणजे साधारण चर्चगेटपासून गोरेगावपर्यंत, आणि रुंदी साडेचौदा. शिवाय बोट थेट राजधानीच्या, व्हॅलेटाच्या कुशीत लागते. अठराव्या शतकात पिंटो नावाच्या ग्रँडमास्टरने बांधलेली वखारींची रांग समोर असते. तिच्या पुढ्यात उतरले की आपण रस्त्यावर. व्हॅलेटा शहरासाठी मोटार नकोच. तिथे पायी फिरावे किंवा २०१२ साली सुरू झालेल्या पाळण्यात बसून तटावरच्या बागेत जावे. मोटार घ्यायची ती बेटाच्या पोटात शिरण्यासाठी.

तयारी घरीच सुरू होते. आर. टी. ओ. कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तो एक वर्षासाठी मिळतो आणि त्याच्या जोडीला आपला मूळ परवानाही जवळ ठेवावा लागतो. एक दाखवून दुसऱ्याचे काम भागत नाही. मोटार महिनाभर आधी ठरवावी, आणि ठरवताना ती बंदराच्या दाराशी आणून देणार की विमानतळावर जाऊन घ्यावी लागणार, एवढे विचारावे. विमा कशाचा आहे यापेक्षा कशाचा नाही ते वाचावे. पुष्कळदा टायर आणि काचा त्यातून वगळलेल्या असतात. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणून कार्डात तेवढी जागा हवी, आणि कार्ड चालकाच्याच नावाचे हवे. गाडी ताब्यात घेताना तिच्या चारही अंगांचे फोटो काढावेत. आधीचा प्रत्येक ओरखडा आणि पोचा कागदावर चढवून घ्यावा. पेट्रोल ज्या खुणेपर्यंत मिळाले त्याच खुणेपर्यंत भरून परत करावे.

आणि सगळ्यांत शेवटची, पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट घड्याळाची. बोटीच्या सहलीची बस वाटेत अडकली तर बोट थांबते. तुमची मोटार अडकली तर बोट थांबत नाही. पुढचे बंदर गाठायचे ते स्वतःच्या खर्चाने. माल्टात आमची बोट पाचला सुटणार होती आणि साडेचारला सर्वांनी आत असायला हवे होते. मी मनाशी धरले की साडेतीनला मोटार परत. नऊला घेतली तर हाती साडेसहा तास.

खर्चाचे म्हणाल, तर पाच जणांनी बोटीची सहल घेतली असती तर तीनशे युरोंच्या घरात गेली असती. मोटार विम्यासकट ऐंशीला पडली. पण आम्ही मोटार घेतली ती पैशांसाठी नव्हे.

घेतली ती अण्णांसाठी. माझे वडील एस. टी. त चालक होते. १९७४ साली बिल्ला लावला तो २००८ साली उतरवला. चौतीस वर्षे सातारा आगारात. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. सुटली, ती तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी सर्वांना पाठ. अण्णांनी महाराष्ट्र किती पाहिला असेल, असे लोक म्हणतात. त्याचे उत्तर आमच्या आईला विचारावे. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या घेऊन ते वर्षानुवर्षे गेले. दर्शन दोनदा झाले. शाळांच्या सहलींसाठी प्रासंगिक कराराच्या गाड्या निघत. त्या घेऊन अण्णा अजिंठ्याला अठ्ठावीस वेळा गेले आणि लेणी एकदाही पाहिली नाहीत. त्यात नवल काही नाही. मुले लेणी पाहत असत तेव्हा चालकाने झोपायचे असते, कारण रात्री त्यांना घेऊन परत यायचे असते. चाळीस लेकरांचे जीव हाती असलेल्या माणसाने भिंतीवरची चित्रे पाहत हिंडू नये, असे अण्णांचे मत होते आणि ते चुकीचे होते असे मला अजूनही म्हणवत नाही.

पण त्याची दुसरी बाजू आईने भोगली. ती महिला मंडळाबरोबर वेरूळला गेली, मावशीबरोबर म्हैसूरला गेली, माझ्याबरोबर कोकणात गेली. अण्णांबरोबर कुठेच नाही. सुटीच्या दिवशी त्यांना गाडीचे नाव नको असे. निवृत्तीनंतरही कुठे जायचे झाले की ते म्हणत, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो." या सफरीला त्यांना आणले ते नातवाच्या हट्टाने, बोटीला चालक नसून कप्तान असतो आणि त्याला भेटता येते, असे काहीतरी चिरंजिवांनी त्यांना पटवले होते.

आधीच्या दोन बंदरांत आम्ही बोटीच्या बसने गेलो. अण्णा खिडकीशी बसले, चालकाच्या मानेकडे पाहत राहिले आणि जिथे बस उभी राहिली तिथेच त्या चालकाजवळ उभे राहिले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इटालियन येत नाही. दोघे मिळून टायर पाहत होते. आई एकटी नातवाचा हात धरून देवळे पाहत होती. तेव्हाच मी ठरवले, की माल्टात गाडी आपली, चालक मी, आणि अण्णांना प्रवासी करायचे. पंचाहत्तरी आलेल्या माणसाच्या हाती भाड्याची गाडी सहसा देतही नाहीत, त्यामुळे त्या बाबतीत वाद नव्हता.

नऊ वाजता वखारींसमोर एक पांढरी लहानशी मोटार उभी होती. मी कागदांवर सह्या करीत होते तोवर अण्णांनी चारही टायरांवर तळहाताने थाप मारली, वाकून खाली पाहिले आणि मागच्या दाराखालचा एक ओरखडा मोटारवाल्याच्या मुलाला बोटाने दाखवला. तो त्याच्या कागदावर नव्हता. मुलाने मुकाट्याने लिहून घेतला. अण्णा माझ्या डाव्या बाजूला बसले. मी गाडी चालवते याला पंधरा वर्षे झाली, पण माझ्या शेजारी ते त्या दिवशी प्रथमच बसत होते. बंदराचा चढ चढून वर येईपर्यंत त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधीत होता. तो मला दिसत होता आणि मला दिसतो हे त्यांना कळत होते.

पहिला मुक्काम मोस्टा. तिथल्या देवळाचा घुमट प्रचंड आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जर्मन विमानांनी टाकलेला एक बॉम्ब तो घुमट फोडून आत आला. आत अडीचशेहून अधिक माणसे प्रार्थनेला जमलेली होती. बॉम्ब फरशीवर पडला आणि फुटला नाही. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. ते आजही माल्टाच्या निशाणावर आहे. तसल्या बॉम्बची प्रतिकृती देवळात ठेवली आहे. चिरंजीव ती पाहायला उड्या मारीत होते. मी गाडी नीट आखलेल्या चौकटीत लावली आणि म्हटले, "चला, अण्णा."

"तुम्ही जाऊन या. मी गाडीजवळ थांबतो."

"अहो, कुलूप आहे गाडीला!" हे म्हणाले.

"परक्या मुलखात परकी गाडी. असू द्या. मी आहे ना."

यावर आई काही बोलली नाही. तिने उघडलेले दार पुन्हा लावून घेतले आणि पदर सावरून मागच्या सीटवर बसून राहिली. "मग मीही बसते," एवढेच म्हणाली.

तेव्हा आम्ही तिघे आत गेलो. घुमट सुंदर होता यात शंका नाही, पण मला त्याच्याखाली उभे राहवेना. बाहेर आमच्या ऐंशी युरोंच्या मोटारीत दोन म्हातारी माणसे एकमेकांशी न बोलता समोरच्या काचेतून पाहत बसली होती. दहा मिनिटांत आम्ही परत आलो. साडेसहा तासांतला एक तास गेला होता.

मोस्टाहून मदिना जवळ आहे. अरबी भाषेत मदिना म्हणजे शहर. इथेही तोच शब्द, तोच अर्थ. माल्टाची भाषा अरबीतून निघालेली आहे आणि ती रोमन लिपीत लिहितात. वर्षाला ते 'सेना' म्हणतात. आपण 'सन १९४२' लिहितो त्यातला सन तोच. हे मी गाडी चालवता चालवता सांगत होते, पण मागच्या सीटवरून हूं की चूं नव्हते. मदिना ही बेटाची जुनी राजधानी, तटाच्या आतली. आत मोजक्याच गाड्यांना परवानगी. गाडी बाहेर लावून पायीच जावे लागते. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

अण्णा तेच म्हणणार, तोच आई बोलली. आवाज चढवून नव्हे. "चौतीस वर्षं लोकांच्या लेकराबाळांना घेऊन गेलात, तेव्हा मी कधी एक शब्द बोलले नाही. तेव्हा ती नोकरी होती. आज कोण नोकर आहे इथं? मला ते शहर बघायचं नाही. मला तुमच्याबरोबर बघायचंय. नसेल यायचं तर बोटीवर सोडा मला."

चिरंजीवसुद्धा गप्प झाले. अण्णांनी खिडकीची काच वर केली, मग खाली केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात गाडी बंद पडली आणि बिघाड सापडत नसला म्हणजे दिसत असे तसला चेहरा होता. मला त्या क्षणी एकच सुचले. मी खाली उतरले, सगळी दारे लावली, त्यांच्या बाजूला गेले आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"अण्णा, गाडी तुमच्या ताब्यात. किल्ली तुमच्या खिशात राहू दे. बाकीचं मी बघते."

त्यांनी किल्ली तळहातावर घेतली, वजन पाहिल्यासारखी वरखाली केली. मग खाली उतरले. दार स्वतः ओढून पाहिले, सदऱ्याच्या आतल्या खिशात किल्ली ठेवली, वरून बटण लावले आणि आईला म्हणाले, "चल."

पुढचा तास दीड तास आम्ही त्या दोघांच्या मागून चाललो होतो. मदिनेच्या गल्ल्या अरुंद आणि मधाच्या रंगाच्या दगडांच्या. दुपारी त्यांत विलक्षण शांतता असते. अण्णा मध्येच खिशावर हात ठेवून पाहत. आई एका तटावर उभी राहिली. तिथून अर्धे बेट दिसते. अण्णांनी तिला हात लांब करून आपण कोणत्या रस्त्याने आलो ते दाखवले, आणि तो बरोबर दाखवला. वेशीबाहेर रबातला आम्ही पास्तिझी खाल्ल्या. मटार भरलेल्या, पापुद्र्यांच्या, करंजीच्या चुलत बहिणीच म्हणा. "गोड करायला विसरले," आई म्हणाली आणि तिने दुसरी घेतली.

तिथून हाजार ईमला. समुद्रावरच्या कड्यावर ही पाषाणयुगातली देवळे आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. वीस टनांवर वजनाची एक शिळा भिंतीत उभी आहे. चाक माहीत नसताना ती आणली कशी, असे चिरंजिवांनी विचारले. माल्टातल्याच तारशीनच्या देवळांपाशी दगडी गोळे सापडले आहेत. त्यांवरून शिळा गडगडवत नेल्या असाव्यात असा एक तर्क आहे, असे मी सांगितले. अण्णा एकदम पुढे झाले. "म्हणजे बेअरिंग!" त्यांनी दोन्ही मुठी एकावर एक फिरवून नातवाला बेअरिंग कसे चालते ते दाखवले. मग त्या शिळेभोवती एक पूर्ण फेरी घातली. टायर पाहतात तशी.

शेवटी मार्सास्लोक. हे कोळ्यांचे गाव. निळ्या, पिवळ्या, तांबड्या होड्या आणि प्रत्येक होडीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले. वाईटापासून राखण करण्यासाठी. धक्क्यावरच्या दुकानात जुन्या बसगाड्यांच्या खेळण्यातल्या प्रतिकृती होत्या. २०११ सालापर्यंत माल्टात पिवळ्या-नारिंगी बसगाड्या धावत. त्यांतल्या पुष्कळ चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या असत आणि ते त्या आपल्या हौसेने सजवीत. हे ऐकल्यावर अण्णा त्या दुकानात पंधरा मिनिटे उभे राहिले. "स्वतःची गाडी!" एवढेच दोनदा म्हणाले. एक बस त्यांनी घेतली. नातवाला वाटले आपल्याला. पण ती सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात गेली.

त्याच धक्क्यावर आईला अजून थोडे बसायचे होते. पाऊण वाजल्यासारखे ऊन, समोर होड्या, हातात थंड सरबत. मी घड्याळ पाहायच्या आत अण्णा उठले. "दोन पंचेचाळीस. वाटेत गर्दी धरली पाहिजे." इतक्या वर्षांच्या वेळापत्रकाने त्यांच्या अंगात जे मुरले होते, ते या वेळी सगळ्यांच्या उपयोगी आले. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवतेस. गरज नाही." दिवसभरात माझ्या गाडी चालवण्यावर त्यांनी काढलेले हे एवढेच उद्गार. बंदराजवळ खरोखरच वाहने तुंबली होती. माझे हात घामेजले. शेजारी पाहिले तर अण्णांचा उजवा पाय स्वस्थ होता. ते काचेबाहेर दुकानांच्या पाट्या वाचीत होते.

वाटेत पेट्रोल भरून, तीन पंचवीसला मोटार परत दिली. तो मुलगा ओरखडे पाहू लागला, तेव्हा अण्णांनी त्याला सकाळचा ओरखडा आपणहून दाखवला.

बोट सुटली तेव्हा आम्ही सगळे वरच्या कठड्याशी होतो. १८७८ साली रशियाला धाक घालण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज याच बेटावर आणली होती. तीत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. हे यांनी अण्णांना सांगितले. अण्णांनी तटाकडे बराच वेळ पाहिले. "त्यांना तरी बेट हिंडायला मिळालं असेल का," ते म्हणाले. यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

मोटार भाड्याने घ्यावी की न घ्यावी, याचा सरसकट निर्णय मी देणार नाही. बंदर पाहावे, रस्त्याची बाजू पाहावी, घड्याळ पाहावे. पण मोटारीत कोण बसणार आहे हेही पाहावे. त्याचा विचार कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. बोटीच्या बसमध्ये अण्णांना कोणी किल्ली दिली नसती.

पितळी बस आता आमच्या दिवाणखान्यात दूरचित्रवाणीच्या शेजारी उभी आहे. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. दिवाळीनंतर अजिंठ्याला जायचे ठरते आहे, फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी लावायची आणि लेण्यांच्या बसने वर जायचे. गाडी मी चालवायची. मी कोणता वार सोयीचा म्हणून विचारले. मागून अण्णांचा आवाज आला,

"सोमवार सोडून कुठलाही. सोमवारी लेणी बंद असतात."